सीपायथॉनच्या सोर्स कोडमध्ये इतके फोल्डर आहेत, सुरुवात कुठून करायची?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: पायथॉन नीट येतं, सी कामापुरतं येतं, गिटहबवरून सीपायथॉनचा (म्हणजे सी मध्ये लिहिलेल्या मूळ पायथॉनचा) कोड उतरवून घेतला, पण लिब, मॉड्यूल्स, ऑब्जेक्ट्स, पायथॉन ही फोल्डरांची नावं बघून कशात काय ते कळेना.

एकेक फोल्डर उघडून वाचत बसू नका, दोन दिवसांत कंटाळाल. त्यापेक्षा पायथॉनची एखादी खटकणारी वागणूक पकडा आणि तिचा माग काढा. आपल्याला तर आयतं उदाहरण आहे. स्ट्रिंगमध्ये फक्त अक्षरंच आहेत का, हे इजअल्फा ही मेथड सांगते. ‘कमल’ या स्ट्रिंगवर ती चालवली की ट्रू येतं, ‘मराठी’वर चालवली की फॉल्स. म्हणजे पायथॉनच्या लेखी ‘मराठी’ हा अक्षरांनी बनलेला शब्दच नाही!

हा फॉल्स येतो कुठून? स्ट्रिंग हा भाषेतला मूळ टाइप, आणि असे टाइप ऑब्जेक्ट्स फोल्डरमध्ये असतात: लिस्टऑब्जेक्ट.सी, डिक्टऑब्जेक्ट.सी वगैरे. स्ट्रिंगऑब्जेक्ट.सी मात्र शोधून सापडणार नाही. पायथॉन २ मध्ये युनिकोड (जगातल्या सगळ्या लिप्यांच्या कॅरेक्टरांना क्रमांक आणि वर्ग देणारं मानक) या नावाचा वेगळा टाइप होता, पायथॉन ३ मध्ये तोच स्ट्रिंग झाला, फाइल मात्र युनिकोडऑब्जेक्ट.सी याच नावाने राहिली. इंटचंही तेच, तो लाँगऑब्जेक्ट.सी मध्ये सापडतो. जुन्या प्रोजेक्टमध्ये फाइलच्या नावावर फार भरवसा ठेवू नये, गिट ग्रेप (सगळ्या फाइलींत शब्द शोधणारी कमांड) मारावं.

युनिकोडऑब्जेक्ट.सी मधलं इजअल्फा एकेका कॅरेक्टरची चौकशी शेजारच्या युनिकोडसीटाइप.सी कडे करतं, आणि ती फाइल युनिकोडटाइप_डीबी.एच मधला तक्ता बघते. तो उघडा: नुसते आकडे, ओळीच्या ओळी. पण पहिल्याच ओळीत लिहिलंय की ही फाइल टूल्स/युनिकोड मधल्या मेकयुनिकोडडेटा.पीवाय या स्क्रिप्टने तयार केली आहे. त्या स्क्रिप्टमध्ये उत्तर मिळतं. युनिकोडचे अक्षरांसाठी जे पाच वर्ग आहेत, त्यांपैकी एकात कॅरेक्टर बसत असेल तरच त्याला ‘अल्फा’ची खूण लागते. म, र, ठ बसतात. काना आणि दुसरी वेलांटी ‘मार्क’ या वर्गात जातात, आणि असं एक कॅरेक्टर निघालं की अख्ख्या शब्दाला फॉल्स. गंमत म्हणजे ‘मराठी’ हे व्हेरिएबलचं नाव म्हणून बिनतक्रार चालतं, कारण आयडेंटिफायरच्या (म्हणजे कोडमधल्या नावांच्या) नियमात काना-वेलांटीला परवानगी आहे.

मग हा बग म्हणून कळवायचा का? आधी डॉक फोल्डर बघा. डॉक/लायब्ररी मध्ये मूळ टाइपांची जी फाइल आहे, तिच्यात इजअल्फाखाली हेच पाच वर्ग स्पष्ट दिलेत. मला हा नियम आपल्या लिप्यांना गैरसोयीचा वाटतो, पण लिहून ठेवलेली वागणूक पहिल्याच पुल रिक्वेस्टमध्ये (आपला बदल मूळ कोडमध्ये घ्या, या विनंतीत) बदलायला निघालात तर नुसता वाद होईल.

या एका धाग्यात सगळ्यात कामाची गोष्ट कळते: रेपोमधल्या बऱ्याच सी फाइली माणसाने लिहिलेल्या नाहीत. पार्सर फोल्डरमधली पार्सर.सी ही ग्रामर फोल्डरमधल्या पायथॉन.ग्राम वरून बनते. ‘क्लिनिक’ नावाच्या उपफोल्डरांतलं सगळं आर्ग्युमेंट क्लिनिक हे फंक्शनांची आर्ग्युमेंट वाचणारा सी कोड तयार करणारं टूल बनवतं. अशा फाइलीत हाताने केलेला बदल फाइल पुन्हा बनवणारी ‘मेक रीजेन-ऑल’सारखी कमांड चालली की पुसला जातो. म्हणून फाइल उघडली की आधी वरची कॉमेंट वाचायची.

लिब आणि मॉड्यूल्समधला घोळ बहुतेकांना नडतो. लिबमध्ये पायथॉनमध्ये लिहिलेली स्टँडर्ड लायब्ररी, मॉड्यूल्समध्ये सी मधली. पण कित्येक मॉड्यूल दोन्हीकडे आहेत. लिबमधल्या हीपक्यू.पीवाय मध्ये हीपपुशच्या आत एक प्रिंट टाकून बघा, काहीच छापून येणार नाही. फाइलच्या शेवटाजवळ सी मधलं _हीपक्यू इंपोर्ट करायची ओळ आहे, ती वरची फंक्शन झाकून टाकते. ते सी मॉड्यूल नसेल तरच पायथॉनमधली चालतात. तेव्हा बदल करायचा तर दोन्हीकडे करायचा. लिब/टेस्ट मधल्या टेस्टही दोन्ही रूपांवर चालतात.

पायथॉन या फोल्डरमध्ये इंटरप्रिटर आहे: कंपाइलर, बाइटकोड चालवणारी सीइव्हल.सी, आणि सिस व बिल्टइन्स ही दोन मॉड्यूलंसुद्धा (ती मॉड्यूल्समध्ये शोधून थकाल). मॅकवर बिल्ड केलं तर चक्क पायथॉन.ईएक्सई तयार होतं, घाबरू नका. तिथली फाइल सिस्टिम सहसा नावातल्या स्मॉल-कॅपिटल अक्षरांत फरक करत नाही, आणि पायथॉन नावाचा फोल्डर आधीच बसलेला असतो, म्हणून त्याच नावाची फाइल तिथे मावत नाही. पीसी आणि पीसीबिल्ड विंडोजसाठी, तुम्ही लिनक्सवर असाल तर सोडून द्या. इन्क्लूडमध्ये हेडर फाइली. त्यातलं ‘इंटर्नल’ हे फक्त इंटरप्रिटरच्या आतल्या वापरासाठी.

सुरुवात लिब आणि लिब/टेस्टपासून करा. बग दुरुस्त केलात की त्याच मॉड्यूलच्या टेस्ट फाइलमध्ये एक टेस्ट वाढवा, वागणूक बदलली असेल तर डॉकमध्ये ओळ, आणि मिस्क/न्यूज.डी/नेक्स्ट मध्ये एक छोटी नोंद, जी ब्लर्ब हे टूल बनवून देतं. पूर्वी सगळे एकाच न्यूज फाइलमध्ये लिहायचे आणि मर्ज करताना (सगळ्यांचे बदल एकत्र करताना) ओळींचं सतत भांडण, म्हणून आता प्रत्येक बदलाची वेगळी फाइल. किरकोळ शुद्धलेखन सुधारलं असेल तर ही नोंद लागत नाही. रिव्ह्यूला कोण येईल याचा अंदाज हवा असेल तर .गिटहब फोल्डरमधली कोडओनर्स फाइल उघडा. तिथे कुठल्या पाथवर कोणाचं लक्ष असतं ते दिलेलं आहे.