सामाजिक मानसशास्त्रात डायनॅमिकल सिस्टिम्सचा खरंच उपयोग होतो का? सुरुवात कुठून करावी?

होतो. डायनॅमिकल सिस्टिम म्हणजे आत्ताच्या स्थितीवरून पुढच्या घडीची स्थिती ठरवणारा गणिती नियम. "माणसं म्हणजे काय आकडे आहेत का?" म्हणणाऱ्यांशी मी घरातच भांडत आलोय, म्हणून लिहितोय.

आमचं गाव अमळनेर तालुक्यात. एका हंगामात पारावर ठरलं, भाव चढेपर्यंत कापूस कोणी विकायचा नाही. घराघरांत आढ्यापर्यंत कापूस. आमची पुढची खोली त्यानेच भरलेली, आम्ही ओट्यावर झोपायचो, तरी अंगाला खाज सुटायचीच. मग एका सकाळी खेडा खरेदीवाल्याचा टेम्पो एका दारात लागला, काटा टांगला गेला. दुपारी शेजारचे दोघं, आणि आठवडी बाजारापर्यंत गल्लीच्या गल्ली रिकामी. आमच्या घरातल्या तात्यांनी निकाल देऊन टाकला, "गावमा एकीच नही." शेजारच्या गावाने माल धरून ठेवला, म्हणजे ती माणसं चांगली!

इथेच आमचं वाजतं. समाजशास्त्रज्ञ मार्क ग्रॅनोव्हेटरचा १९७८ चा लेख बघा. शंभर माणसं. पहिला कोणाचीही वाट न बघता दंगलीत उतरतो, दुसऱ्याला आधी एक जण उतरलेला दिसावा लागतो, तिसऱ्याला दोन, असं नव्व्याण्णवपर्यंत. हा आकडा म्हणजे त्या माणसाचा उंबरठा. शंभरच्या शंभर उतरतात. आता फक्त 'एक'वाल्याचा उंबरठा 'दोन' करा. दंगल एका माणसावर थांबते, आणि बाकीचे अठ्ठ्याण्णव जण होते तसेच आहेत! आता किती उतरलेत त्यावर पुढच्या घडीला किती उतरतील हे ठरतं. ते जिथे थांबतं तो स्थिर बिंदू. आमच्याकडे पहिल्याच दोघा-तिघांना सोसायटीचं कर्ज भरायचं होतं. यात स्वभाव कुठे आला?

तर ग्रॅनोव्हेटरपासून सुरुवात करा. मग नोवाक, शामरेय, लॅटाने या सामाजिक मानसशास्त्रज्ञांचा १९९० चा लेख: शेजाऱ्यांच्या दबावाने मतं बदलत जातात, तरी अल्पमत संपत नाही, घोळक्याघोळक्याने टिकतं. एकही समीकरण न मांडता 'केऑस' (बारीकशा फरकाने पुढचं सगळं बदलणं), 'अट्रॅक्टर' (सगळं ज्या स्थितीकडे ओढलं जातं ती) असे शब्द पेरणारे लेख सरळ बाजूला ठेवा. एकदाच भरून घेतलेल्या प्रश्नावलीतूनही काही हाती लागत नाही, तीच माणसं पुन्हा पुन्हा मोजावी लागतात.

हां, हे उंबरठे आधी मोजणं महाकठीण, आणि घडून गेल्यावर काहीही त्यात बसवता येतं. तात्या नेमकं हेच धरून बसतील. बसू देत. पण मग एकी नसलेल्या या गावात आमच्या खानदेशातल्या कानबाई देवीच्या मिरवणुकीला एकही घर मागे का राहत नाही, ते त्यांनी सांगावं.