वरच्या दोन खोल्या, बाजूचा जिना आणि अकरा महिन्यांचा करार

प्रश्न : नागपुरात मानेवाडा परिसरात 1,500 चौरस फुटांच्या भूखंडावर वडिलांनी बांधलेले आमचे एकमजली घर आहे. भूखंडाचे आर.एल. (नियमितीकरण पत्र) झालेले आहे. वडील 2017 मध्ये मृत्युपत्र न करता वारले. आई माझ्याजवळ असते, बहीण अमरावतीला. निवृत्तीनंतर हाती दोन पैसे यावेत म्हणून वरच्या दोन खोल्यांत ओटा आणि न्हाणीघर काढून, बाजूच्या मोकळ्या जागेतून वेगळा जिना घालून त्या किरायाने द्यायचे ठरवले. जिन्याचे खांब उभे राहिले आणि शेजाऱ्याच्या तक्रारीवरून विनापरवाना बांधकामाची नोटीस आली. दरम्यान एका कुटुंबाकडून दहा हजार रुपये बयाणा घेऊन पावतीही लिहून दिली आहे. अकरा महिन्यांचा करार नोटरीकडे केला तर चालेल का?

उत्तर : चालणार नाही. मात्र करार ही आपल्या कामाची शेवटची पायरी आहे आणि आपण नेमकी तिथूनच सुरुवात केली आहे, म्हणून आधी जिन्याविषयी लिहितो.

ओटा, फरशी किंवा नळजोडणी यांवरून सहसा नोटीस निघत नाही. पण मोकळ्या जागेत खांब घालून उभा केलेला जिना हा महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम, 1966 च्या अर्थाने ‘विकास’ ठरतो आणि त्याला पूर्वपरवानगी लागते. आर.एल.मुळे भूखंड नियमित झाला. त्यानंतरच्या नव्या बांधकामाला ती परवानगी नव्हे. नोटीस त्या अधिनियमाच्या कलम 53 खालची असल्यास, तीत दिलेल्या मुदतीतच, कलम 44 प्रमाणे बांधकाम कायम ठेवण्याच्या परवानगीसाठी अर्ज करता येतो आणि त्याचा निकाल लागेपर्यंत केवळ त्या नोटिशीच्या आधारे बांधकाम पाडता येत नाही. मुदत टळली की हा मार्ग बंद होतो, म्हणून नोटीस हाती पडल्याची तारीख आजच तिच्यावर लिहून ठेवावी. नागपुरात काही ले-आऊट नागपूर सुधार प्रन्यासाकडे (नासुप्र), तर काही महानगरपालिकेकडे असल्याने अर्ज नोटीस काढणाऱ्या कार्यालयातच द्यावा. सामासिक अंतराच्या (घराभोवती हद्दीपर्यंत मोकळ्या सोडावयाच्या जागेच्या) नियमात हा जिना बसतो की नाही हे परवानाधारक वास्तुविशारदाकडून मोजून घ्यावे. बसत नसेल, तर खांब स्वतःच काढून जिना घराच्या आतून नेणे स्वस्त पडेल. तोवर एक वीटही चढवू नये. शेजाऱ्याची समजूत काढून त्याने तक्रार मागे घेतली तरी नोटीस उभीच राहते, आणि उद्या त्या जिन्यासह घराला मालमत्ता कर लागला तरी तेवढ्याने बांधकाम कायदेशीर होत नाही.

या अर्जावर सही कोणाची, हा प्रश्न आपण विचारलेला नाही, पण तोच कळीचा आहे. घर वडिलांचे स्वकष्टार्जित असेल आणि आपल्याला हिंदू उत्तराधिकार अधिनियम, 1956 लागू असेल, तर आई, आपण आणि बहीण यांचा त्यात प्रत्येकी एक तृतीयांश हिस्सा आहे. बहिणीचे लग्न झाले म्हणून तो कमी होत नाही. तिचे फोनवरचे ‘कर दादा, माझी काही हरकत नाही’ कार्यालयात उपयोगाचे नाही. तिघांच्या नावाने वारस नोंद करून घ्यावी, आणि अर्जावर व पुढील करारावर तिघांच्या सह्या असाव्यात किंवा आपल्या नावे कुलमुखत्यारपत्र असावे. भाड्यातील वाटाही आताच लेखी ठरवावा.

आता करार. ‘अकरा महिन्यांपर्यंत नोंदणी लागत नाही’ ही समजूत महाराष्ट्रात चुकीची आहे. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, 1999 च्या कलम 55 प्रमाणे करार लेखी आणि नोंदणीकृत असलाच पाहिजे आणि नोंदणीची जबाबदारी घरमालकावर आहे; कसूर झाल्यास तीन महिन्यांपर्यंत कैद, पाच हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. शिक्षेपेक्षाही मला काळजी वाटते ती दुसऱ्या तरतुदीची : नोंदणीकृत करार नसेल, तर जागा कोणत्या अटींवर दिली याबाबत राहणाऱ्याचेच म्हणणे, विरुद्ध सिद्ध होईपर्यंत, ग्राह्य धरले जाते. बयाण्याच्या पावतीवर आपण स्वहस्ते ‘दोन खोल्या किरायाने दिल्या’ असे लिहिले आहे. त्या कागदाच्या बळावर ते कुटुंब स्वतःला भाडेकरू म्हणवू लागले, तर त्यांना घराबाहेर काढण्यासाठी त्याच अधिनियमातील ठरावीक कारणे दाव्यात सिद्ध करावी लागतील, आणि त्यात वर्षे जातात. याउलट नोंदणीकृत लिव्ह अँड लायसन्स करार (भाडेहक्क न देता ठरावीक मुदतीसाठी जागा वापरण्याची केवळ परवानगी देणारा) असल्यास मुदत संपल्यावर कलम 24 प्रमाणे सक्षम प्राधिकाऱ्याकडे ताबा मागता येतो, शिवाय जागा न सोडल्यास ठरलेल्या शुल्काच्या दुपटीने नुकसानभरपाईही मिळू शकते.

खर्च म्हणाल तर किरकोळ आहे. दरमहा नऊ हजार आणि अनामत तीस हजार धरल्यास अकरा महिन्यांच्या करारावर पाव टक्क्याने मुद्रांक शुल्क सुमारे 255 रुपये येते आणि महापालिका हद्दीत नोंदणी फी 1,000 रुपये. वरच्या खोल्यांसाठी वेगळे वीजमीटर घ्यावे. पुढे वाद झाला तरी वीज किंवा पाणी तोडणे कलम 29 प्रमाणे आपल्या अंगाशी येईल.

ज्या कुटुंबाकडून बयाणा घेतला आहे त्यांना नोटिशीची हकीकत मोकळेपणाने सांगून दहा हजार रुपये बँकेमार्फत परत करावेत, आणि ती मूळ पावती ‘रक्कम परत मिळाली, जागेचा ताबा घेतलेला नाही’ असे त्यांच्याकडून लिहून व सही घेऊन स्वतःकडे ठेवावी.