तंबाखूवरचा कर वाढवला की त्याचा फटका गरिबांनाच बसतो, हे खरं आहे का?

तुमचं म्हणणं असं की श्रीमंताला सिगारेट महाग झाल्याचं काही वाटत नाही, मजुराच्या खिशाला मात्र पुडी महाग झाल्याचं लगेच कळतं. मग असा कर लावणं अन्यायाचं नाही का? खिशापुरतं पाहिलं तर तुमचं बरोबर आहे. मी मात्र घरापुरतं पाहते, कारण कोल्हापूरच्या आसपासच्या गावांतल्या महिला बचत गटांचे हिशेब लिहिणं हे माझं काम आहे. कर्ज कशासाठी घेतलं आणि हप्ता कशामुळे चुकला, हे त्या वह्यांत दिसतं.

शिरोली एमआयडीसीतल्या फाउंड्रीत काम करणारा माणूस दिवसाला वीस रुपयांची तंबाखू खातो असं धरा. वर्षाला ७,३०० रुपये झाले, म्हणजे सात-आठ गॅस सिलिंडरचे पैसे. घरखर्चाच्या पाहण्यांवर झालेल्या अभ्यासात हेच दिसलं आहे की तंबाखू असलेल्या घरात अन्न आणि शिक्षण यांवरचा खर्च आक्रसतो आणि औषधपाण्यावरचा वाढतो. पुडी खाणारा एक, पण दूध कमी पडतं ते पोरांना.

आता कराचं. किंमत दहा टक्क्यांनी वाढली की आपल्यासारख्या देशांत खप साधारण पाच टक्क्यांनी उतरतो, असा जागतिक आरोग्य संघटनेचा ढोबळ अंदाज आहे. श्रीमंत देशांत तो चार टक्क्यांच्या आसपास. म्हणजे ज्याच्या हातात पैसा कमी, तो आधी कमी करतो किंवा सोडतो. शाळकरी पोरांतली बरीच तर सुरुवातच करत नाहीत, आणि मला सगळ्यात मोलाचं वाटतं ते हेच. त्यामुळे कराचा बोजा गरिबावर जास्त पडतो हे खरं, तसा आरोग्याचा फायदाही त्याच्याच घरात जास्त येतो. फिलिपिन्सने २०१२ मध्ये कायदा करून सिगारेटवरचा कर एकदम चढवला आणि वाढीव उत्पन्नाचा मोठा भाग गरिबांच्या आरोग्य विम्याकडे वळवला. तिथलं धूम्रपानाचं प्रमाण २००९ मध्ये प्रौढांत २८ टक्क्यांवर होतं, ते २०१५ मध्ये २३ टक्क्यांच्या आत आलं.

माझा राग कर असण्यावर नाही, तो वाकडा लावण्यावर आहे. २०१६-१७ च्या राष्ट्रीय पाहणीत महाराष्ट्रात सिगारेट-विडी ओढणारे प्रौढ ३.८ टक्के होते आणि तंबाखू खाणारे, मशेरी लावणारे २४.४ टक्के. आपल्याकडचा खरा प्रश्न तोंडातल्या तंबाखूचा आहे. बजेटच्या दिवशी टीव्हीवर मात्र चर्चा सिगारेटची. फेब्रुवारी २०२६ पासून सिगारेट, जर्दा वगैरेंवर ४० टक्के जीएसटी आणि वरून उत्पादन शुल्क आलं, ते चांगलंच झालं. पण विडीवरचा जीएसटी २८ वरून १८ वर आणला. एक महाग आणि दुसरं स्वस्त केलं की माणूस सोडत नाही, स्वस्ताकडे सरकतो. विडी काही सिगारेटपेक्षा सौम्य नाही.

मावा तर त्याहून अवघड. इचलकरंजीत नाहीतर कोल्हापुरात कुठल्याही टपरीवर सुपारी, चुना आणि तंबाखू घोटून तो समोरच बनवून देतात. त्यावर ना छापील किंमत, ना बिल. कर पोहोचतो तो त्यातल्या तंबाखूपुरता, आणि टपरीवाला तो भरून काढायला तंबाखू थोडी कमी करून सुपारी वाढवतो. गुटख्यावर २०१२ पासून राज्यात बंदी आहे, तरी कागलच्या पुढे सीमेवर गुटख्याच्या गाड्या पकडल्याच्या बातम्या येतच असतात. त्या मालावर राज्याला एक पैसा मिळत नाही आणि पोरांना तो मिळतोच. कर वाढवायचा तर तपासणीही तितकीच कडक हवी.

विडी स्वस्त ठेवण्यामागे विडी कामगार बायकांचं कारण सांगितलं जातं. निपाणी आमच्यापासून तासाभराच्या अंतरावर. तिथल्या विडी वळणाऱ्या बायकांची कंबर आणि छाती काय होते, हे या भागात कुणाला सांगावं लागत नाही. त्यांना मजुरी हजार विड्यांच्या हिशेबाने मिळते. जीएसटी दहा टक्क्यांनी उतरला म्हणून ती मजुरी आपोआप वाढत नाही. त्यांचं भलं करायचं असेल तर किमान वेतनाची अंमलबजावणी करा आणि शिवणकाम, प्रक्रिया उद्योग यांसाठी भांडवल द्या. त्यांचं नाव पुढे करून विडी स्वस्त ठेवणं मला पटत नाही. शेतकऱ्याचंही तेच. १९८१ मध्ये निपाणीला तंबाखूच्या भावासाठी शरद जोशींच्या नेतृत्वाखाली शेतकरी महामार्गावर बसले होते, ती मागणी रास्त होती. पीक बदलायचं तर दुसऱ्या पिकाला खात्रीचा भाव लागतोच.

आजारपणाचा खर्च न धरता कराला अन्याय म्हणणं अर्धवट आहे. २०१७-१८ मध्ये तंबाखूमुळे झालेल्या आजारांचा आणि मृत्यूंचा देशाला बसलेला भुर्दंड १,७७,३४१ कोटी रुपये मोजला गेला. तंबाखूवरच्या उत्पादन शुल्कातून आलेली रक्कम त्याच्या आठव्या हिश्शाइतकीही नव्हती. गावात हे असं दिसतं: आधी तांबडा रस्सा तोंडाला झोंबायला लागतो, मग तोंड पुरतं उघडत नाही, मग डॉक्टर तुकडा काढून तपासायला पाठवतात. महात्मा फुले योजनेत कॅन्सरवर उपचार होतात, ही मोठी सोय आहे. पण खाड्याचे पैसे, सोबत जाणाऱ्या बाईची बुडालेली मजुरी, एसटीचं भाडं आणि सोनं तारण ठेवून घेतलेलं कर्ज या योजनेत बसत नाही. ते आमच्या गटाच्या वहीत येतं.

म्हणून माझं मत: विडी, जर्दा, सिगारेट सगळ्यांवर कर वाढवा आणि तो दरवर्षी वाढवा, नाहीतर मजुरी वाढते तशी पुडी परत परवडायला लागते. आलेल्या पैशातला ठरावीक वाटा प्राथमिक आरोग्य केंद्रात तोंडाची तपासणी आणि व्यसन सोडवायची मदत यांवर खर्च करा. ज्याला सोडता येत नाही, त्याच्याकडून नुसता पैसा काढून घेणं मात्र अन्यायाचंच होईल, तिथे मी तुमच्या बाजूने आहे.

तुमच्या घरी कुणी खात असेल तर १८००-११-२३५६ हा सरकारचा मोफत नंबर आहे, तंबाखू सोडायला फोनवर समुपदेशन मिळतं. तोंडात पांढरा चट्टा किंवा दोन आठवड्यांत न भरलेली जखम असेल, तर फोनवर थांबू नका, थेट कोल्हापूरच्या सीपीआर या सरकारी रुग्णालयात किंवा जवळच्या सरकारी दवाखान्यात दाखवा.