सोलापुरात क्रोशाचे लोकरी हातमोजे विणून काही उपयोग आहे का? पॉपकॉर्नसारखे उठावाचे टाके घालावेत की साधे खांब (सुईवर एक वेढा घेऊन घातलेले उंच टाके) पुरे? लोकर किती लागते?

उपयोग आहे. "सोलापुरात?" हे एवढं वाचूनच माझं डोकं तापलं, कारण हाच सूर मी घरात बारा वर्षं ऐकतेय. एप्रिल-मेमध्ये इथं काय होतं ते मला नका सांगू, पण जानेवारीत गड्ड्याच्या यात्रेच्या दिवसांत पहाटे गाडीवरून चिंचोळी एमआयडीसीला जाऊन दाखवा, मग बोलू.

आमचे हे तिथंच फर्स्ट शिफ्टला. कंपनीत पोचल्यावर पंच करायला बोटं वळायची नाहीत म्हणायचे, म्हणून मी क्रोशा काढला. तर थोरल्या जाऊबाई लगेच, "क्रोशा म्हणजे तोरणं न् टीव्हीवरचे रुमाल गं, ती जाळीच, अंगात घालायचं ते दोन सुयांवरच होतं." झालं, मी इरेला पेटले आणि नव्या पेठेतून लोकर आणून अख्ख्या मोज्यावर पॉपकॉर्न घातले, तळहातावरसुद्धा! दिसायला इतका भारी झाला काय सांगू. पहिल्याच दिवशी यांनी मोजे काढून डिकीत टाकले, कारण क्लच धरला की मुठीत शेंगदाणे धरल्यासारखं व्हायचं, आणि निम्मे पॉपकॉर्न तर आतल्या बाजूला फुगलेले. रात्री जेवताना सगळ्यांसमोर जाऊबाई, "तरी मी म्हटलंच होतं."

चूक माझी होती बे, क्रोशाची नव्हती. मी मोजा गोल न विणता उलटून-पलटून विणत होते. एकाच टाक्यात पाच खांब झाल्यावर सुई काढून पहिल्या खांबात समोरून घातली तर पॉपकॉर्न आपल्याकडे फुगतो, मागून घातली तर पलीकडे, म्हणजे उलट्या ओळीला मागून घालायची, ते मी विसरले. दुसऱ्या जोडीला तळहात नुसत्या मुक्या खांबांचा, म्हणजे वेढा न घेता घातलेल्या बुटक्या टाक्यांचा, घट्ट, आणि हाताच्या पाठीवर खालच्या ओळीतल्या खांबाच्या दांडीला समोरून-मागून धरून घातलेले उठावाचे खांब, मधे तीनच पॉपकॉर्न, हौसेपुरते. मनगटालाही तेच उठावाचे खांब आलटून पालटून, रबरासारखं बसतं. या टाक्यांनी वीण आत ओढली जाते, त्यामुळं मापापेक्षा चार-सहा टाके जास्त घ्या, नाहीतर हात जायचा नाही.

उठावाचे टाके ऊब धरतात का म्हणाल तर धरतात. माझे वडील टॉवेलच्या लूमवर होते. टेरीत, म्हणजे टॉवेलच्या कापडात, ताणे (उभे धागे) दोन असतात, एक ताठ न् एक ढिला, ढिल्याचे लूप वर उठतात आणि त्यातच पाणी धरलं जातं. इथं पाण्याऐवजी हवा धरली जाते, एवढंच. हे मी जाऊबाईंना समजावलं तर म्हणाल्या, मग टॉवेलच गुंडाळ की हाताला. साध्या खांबांचा मोजा मात्र खरंच विणू नका, दोन खांबांच्या मधून बोट दिसतं.

लोकर चार प्लायची आणि सुई साडेतीन-चार नंबरची (म्हणजे मिलिमीटरची) घेतली तर बिनबोटांच्या जोडीला शंभर ग्रॅम पुरते. पहिल्या जोडीला मला पुरली नव्हती, पॉपकॉर्न लोकर खातो. इथं मिळते ती बहुतेक अ‍ॅक्रेलिकच, धुवायला बरी, पण ती घालून गॅसजवळ जाऊ नका, वितळते.

आणि हो, गाडी पन्नासच्या वर गेली की वारा कुठल्याही विणीतून आत येतो, म्हणून हे आता आतून पातळ सुती मोजे घालतात. हे जाऊबाईंना माहीत नाही. त्यांच्या दोन सुयांच्या मोज्यातूनही येतोच, तो मोजा त्यांच्या मुलानं कॉलेजला जाताना घालायचा सोडला, न् मागच्या डिसेंबरात माझ्याकडून गुपचूप एक जोडी करून नेली. काळ्या रंगाची, तीन पॉपकॉर्नवाली. तो ही साइट वाचतो, आईला दाखवू नको रे.