शीळकरी कस्तुर आणि दगडफूल

चि. मुलीस,
अनेक आशीर्वाद.

तुझ्या प्रबंधातला तुलनेचा तक्ता पाहिला. एका बाजूला शीळकरी कस्तुर पक्षी, दुसऱ्या बाजूला दगडफूल, मध्ये आहार, अधिवास, प्रजनन. परीक्षक खूश होतील, मी नाही. दगडफुलाच्या आहारापुढे तू 'सूर्यप्रकाश' लिहिलंस आणि तिथंच गाडी अडली. उन्हावर जगतं ते आतलं सूक्ष्म शेवाळ. बाहेरचं अंग बुरशीचं, आणि तिचं पोट भरतं त्या शेवाळाने केलेल्या साखरेवर. स्विस वनस्पतिशास्त्रज्ञ श्वेंडेनर यांनी १८६०च्या दशकात हे मांडलं तेव्हा दगडफुलांचे जाणकारच त्यांच्यावर उखडले होते. तू लिहिलेलं पार्मोट्रेमा टिंक्टोरम हे दगडफुलाचं शास्त्रीय नावसुद्धा नियमाने एकट्या बुरशीचंच.

मग कस्तुराशी तुलना कोणाची? माझं ऐकशील तर बाकीचा तक्ता फाड आणि एवढंच धर: दोघांत 'एक' कशाला म्हणायचं?

कस्तुराचं सोपं आहे. पावसाळ्यात उजाडायच्या आधी बेळगाव जिल्ह्यातल्या कणकुंबीकडच्या एखाद्या ओढ्याकाठी थांब. एखादं पोर वाटेनं उगीच शीळ घालत चाललंय असं वाटेल. नर-मादी दिसायला सारखेच, म्हणून कान लावायचा आणि गाणारे नर मोजायचे.

दगडफुलात मोजणीच फसते. दोन चकत्या वाढत एकमेकींत मिसळल्या की कुठली कुठं संपली, सांगता येत नाही. तिथं आकडा नको, क्षेत्रफळ घे: सेंटिमीटरचे चौकोन आखलेला पारदर्शक कागद सालीवर धरायचा, दर झाडाला त्याच उंचीवर, त्याच दिशेला. भिंगातून मधल्या भागात बारीक राखाडी बोंडं दिसतील. नखाने सहज तुटतात. त्या कणात बुरशी आणि शेवाळ दोन्ही असतात, संसारासकट नव्या जागी रुजायला निघालेली. अंड्यातून मात्र पक्षीच तेवढा येतो. तुझ्या प्रबंधातली सगळ्यात चांगली दोन पानं मला इथं दिसतात.

ओळख पटवायला वरची कातडी ब्लेडने खरवडून आतल्या पांढऱ्या थरावर ब्लीचचा थेंब टाक. लाल झालं पाहिजे. रविवार पेठेतून मसाल्याचं दगडफूल आणू नकोस, त्यात बऱ्याचदा दोन-चार जातींची भेसळ असते.

कर्नाटकातल्या भीमगड अभयारण्याच्या हद्दीत जायचं असेल तर आधी वनखात्याची परवानगी. अर्ज कन्नडमध्ये कर, लवकर हलतो.

तुझे सर