पुण्यात फेब्रुवारी-मार्चमध्ये दिसणाऱ्या नेहमीच्याच पक्ष्यांची नोंद इतरांना कळवावी का?

तुमचा प्रश्न असा आहे की या दिवसांत पुण्याच्या आसपास काय पाहायला मिळतं, आणि तुम्हाला साळुंकी, बुलबुल, धोबी असे नेहमीचेच पक्षी दिसत असतील तर ते इथल्या पक्षीनिरीक्षकांना कळवण्यात काही अर्थ आहे का. दुसऱ्या भागाचं उत्तर आधी देतो: जरूर कळवा. त्यातही धोबी तर आवर्जून.

फेब्रुवारी-मार्चमध्ये हिवाळी पाहुणे परतीच्या तयारीला लागतात आणि त्याच वेळी इथल्या पक्ष्यांचा विणीचा हंगाम जवळ येतो. नोंदी ठेवायला मला वर्षातला हाच काळ सगळ्यात आवडतो.

सुरुवात एखाद्या काटेसावरीपासून करा. सिंहगडाच्या पायथ्याची असो, मुळशीच्या रस्त्यावरची असो की तुमच्या सोसायटीमागची. पानं गळून गेलेली असतात, त्यामुळे फुलावर बसलेला पक्षी लपत नाही आणि दुर्बीण नसली तरी चालतं. सकाळी लवकर झाडाखाली उभं राहिलात तर साळुंक्या, भांगपाडी मैना, कोतवाल, शिंजीर, पोपट, कावळे, एखादा हळद्या, शिवाय खारी, सगळे मधासाठी त्याच झाडावर आलेले दिसतील. सावर ओसरू लागली की पळस आणि पांगारा बघा.

याच झाडांवर भोरड्या भेटतात. डोकं, पंख, शेपूट काळं आणि बाकी अंग गुलाबी. पळसमैना म्हणतात ती हीच. भांगपाडीशी तिची गल्लत होऊ शकते, पण भांगपाडीच्या फक्त डोक्यावर काळा तुरा असतो, पाठ करडी आणि पोट तांबूस-बदामी. भोरड्या पावसाळा सरता सरता भारतात यायला लागतात, हिवाळ्यात ज्वारीच्या शेतांवर उतरतात (शेतकरी त्यांच्यावर वैतागलेला असतो, आणि त्याचंही बरोबर आहे) आणि एप्रिलच्या सुमारास मध्य आशियातल्या गवताळ प्रदेशांकडे निघतात. तिथे त्यांची पिल्लं टोळ आणि नाकतोड्यांवर वाढतात. निघण्याआधी त्यांचा गुलाबी रंग जास्त खुलतो. त्यासाठी नवी पिसं यावी लागत नाहीत. आहेत त्याच पिसांची मळकट टोकं झिजतात आणि खालचा रंग उघडा पडतो. थवा दिसला तर किती पक्षी होते याचा अंदाज, आणि त्यात गुलाबी किती, अजून मळकट किती, एवढं जरूर लिहा.

धोब्याचं थोडं वेगळं आहे. पिवळ्या धोब्याला परतीआधी खरोखरच नवी पिसं येतात. हिवाळाभर मातकट दिसलेला पक्षी मार्च-एप्रिलमध्ये हळदीसारखा पिवळा होतो, आणि कोणाचं डोकं राखाडी, कोणाचं काळं असा उपजातींमधला फरक तेव्हा कुठे नीट कळायला लागतो. पांढऱ्या धोब्याचा गळा काळा होत जातो. रोज तोच धोबी बघून तुम्हाला कंटाळा आला असेल, तर आता त्याच्या गळ्याकडे बघा.

ऑक्टोबरच्या आसपास पहिला धोबी दिसला की लोक उत्साहाने एकमेकांना कळवतात. शेवटचा धोबी मात्र कोणीच कळवत नाही, कारण तो दिसतो त्या दिवशी तो शेवटचा आहे हे कळायला काही मार्गच नसतो. त्याची तारीख मिळवायची तर दिसतोय तोवर प्रत्येक खेपेला लिहीत राहावं लागतं आणि नंतर मागे वळून पाहावं लागतं. एकट्याच्या वहीतून हे नीट साधत नाही. पाषाण तलावावर एक जण, कवडीपाटला दुसरा, वेताळ टेकडीवर तिसरा असे सगळे साध्या नोंदी एकत्र ठेवायला लागले की परतीची वेळ दिसू लागते. 2007 मध्ये बंगळुरूच्या नॅशनल सेंटर फॉर बायोलॉजिकल सायन्सेसमधून ‘मायग्रंटवॉच’ हा उपक्रम सुरू झाला, तेव्हा सामान्य निरीक्षकांकडे हेच मागितलं होतं: हिवाळी पक्षी पहिल्यांदा कधी दिसला आणि शेवटचा कधी.

नेहमीच्या पक्ष्यांबद्दल आणखी एक गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. विजेच्या तारेवर बसलेला नीलपंख आपण सगळ्यांनी पाहिलेला आहे, आणि तो कमी होतोय असं सहसा कोणाच्या मनातही येत नाही. ‘स्टेट ऑफ इंडियाज बर्ड्स’च्या 2023 च्या अहवालात तो लक्षणीय घटलेल्या पक्ष्यांमध्ये निघाला, इतका की त्याच्या धोक्याच्या श्रेणीचा फेरविचार व्हावा अशी शिफारस तिथे आहे. तो अहवाल सुमारे 30 हजार पक्षीनिरीक्षकांनी नोंदवलेल्या तीन कोटी निरीक्षणांवर उभा आहे. त्यातल्या बहुतेक याद्या तुमच्या-माझ्यासारख्यांच्या आहेत: साळुंकी चार, बुलबुल दोन, नीलपंख एक.

इथल्या पक्ष्यांकडे कानाने लक्ष ठेवा. तांबटाची टुकटुक वाढलेली असेल. हिवाळाभर गप्प असलेला कोकीळ ओरडायला लागतो, दयाळ पहाटे उंच फांदीवरून गायला लागतो, आणि मार्चपासून पावशाचं ‘पेरते व्हा’ ऐकू येऊ शकतं. पहिल्यांदा आवाज ऐकलात ती तारीख आणि जागा लिहा. नर शिंजीर हिवाळ्यात पिवळसर पोटाचा आणि मधे गडद पट्टा असलेला दिसतो, तो आता पूर्ण चकाकता जांभळा झालेला असेल.

नोंद कशी करायची? तारीख, वेळ, ठिकाण, किती मिनिटं पाहिलं आणि ओळखता आलेले सगळे पक्षी, अंदाजे संख्येसकट. पंधरा मिनिटं पुरतात. सगळे पक्षी लिहिले की, ‘तिथे होतो, पण धोबी दिसला नाही’ हेही त्या यादीतून आपोआप कळतं. म्हणून फक्त खास पक्षी टिपलेल्या यादीपेक्षा साधी पण पूर्ण यादी जास्त कामाची. फोनवर पक्ष्यांच्या नोंदींचं ‘ईबर्ड’ हे अ‍ॅप वापरा, वहीत लिहायला आवडत असेल तर वहीत लिहा आणि घरी येऊन भरा. आवाजावरून नाव सुचवणारं ‘मर्लिन’ हे अ‍ॅप शिकायला छान आहे, पण त्याने सुचवलेलं नाव स्वतः पाहून किंवा ऐकून खात्री पटल्याशिवाय यादीत टाकू नका.

एक गोष्ट मात्र कोणालाही कळवू नका: घरट्याची जागा. मार्चपासून राखी धनेशाची मादी झाडाच्या ढोलीत स्वतःला बंद करून घेते. एक फट सोडून तोंड लिंपलेलं असतं आणि तिचं आणि पुढे पिल्लांचं पोट नर आणून देईल त्यावर चालतं. झाडाखाली कॅमेऱ्यांची गर्दी झाली की नर ढोलीकडे यायला बिचकतो आणि आत उपासमार होते. ‘धनेश दिसला’ एवढं कळवा, झाड सांगू नका, फोटोबरोबर फोनमधलं ठिकाण जात नाही ना तेही तपासा. पिंगळे आणि शिकारी पक्ष्यांनाही हेच लागू.

आणि या आठवड्यात वेळ काढता आला तर आधी कवडीपाट किंवा भिगवणला जा. चक्रवाक, थापट्या, तलवार बदक ही तिथली हिवाळी बदकं मार्च सरताना विरळ होत जातात. सावरीची झाडं तुम्हाला परतीच्या वाटेवरही मिळतील.