मेक्सिकन हॉटेलात आधी टॉर्टिया बघा, मेन्यू नंतर

प्रश्न थोडक्यात असा: पुढच्या महिन्यात ऑफिसच्या कामासाठी टेक्सासमधल्या ऑस्टिनला जायचंय, तिथली टीम पहिल्याच संध्याकाळी मेक्सिकन जेवायला नेणार आहे, तुम्ही शाकाहारी (अंडं चालतं), आणि पुण्यात मॉलमध्ये खाल्लेले नाचोज काही आवडले नव्हते. मी सतरा वर्षं ह्यूस्टनमध्ये आहे, शाकाहारीच आहे, आणि महिन्यातून दोनदा तरी मेक्सिकन होतंच. म्हणून जरा सविस्तर लिहिते.

आधी त्या नाचोजचं. पिवळं पातळ चीज ओतलेल्या चिप्सवरून मेक्सिकन जेवणाचं माप काढणं म्हणजे गोबी मंचुरियन खाऊन चीनबद्दल मत देण्यासारखं आहे. पिवळं चीज, चिली कॉन केसो (मिरची घातलेलं वितळलेलं चीज), तडतडत येणारे फहिता (तव्यावर परतलेल्या मांसाच्या किंवा भाज्यांच्या पट्ट्या) हे सगळं टेक्स-मेक्स, म्हणजे टेक्सासमधल्या मेक्सिकन घरांतून आणि हॉटेलांतून घडलेलं जेवण. वाईट नाही, मी खाते. पण ऑस्टिनच्या मेन्यूवर दोन्ही शेजारी शेजारी असतात, तेव्हा आपण काय मागवतोय ते कळलेलं बरं.

आता फजिती सांगते. इथे आल्यावर पहिले सहा-सात महिने मी ऑफिसजवळच्या एका हॉटेलात बिनधास्त बीन्स आणि भात खात होते. राजमा-भातच की, असं म्हणत. एक दिवस मेक्सिकोतल्या ओआहाकाची एक सहकारी माझ्या ताटाकडे बघून म्हणाली, "तू शाकाहारी ना? मग हे कसं चालतं?" घोटलेले बीन्स, म्हणजे रिफ्राइड बीन्स, बऱ्याच ठिकाणी डुकराच्या चरबीत परततात आणि तो लालसर भात चिकनच्या पाण्यात शिजवतात. मेन्यूत यातलं काही लिहिलेलं नव्हतं आणि मीही विचारलं नव्हतं. घरी आईला फोनवर हे सांगायला मला पुढे वर्ष लागलं.

म्हणून नुसतं "व्हेजिटेरियन" म्हणून थांबू नका. स्पॅनिशमध्ये "सिन कार्ने" (मांसाशिवाय) म्हणालात तरी चिकन येऊ शकतं, कारण बोलण्यात कार्ने म्हणजे बहुतेकदा गाईचं किंवा डुकराचं मांस. नेमकं विचारा: बीन्समध्ये, टमालेच्या (मक्याच्या पिठाचा वाफवलेला पदार्थ) पिठात, मैद्याच्या टॉर्टियात (मेक्सिकन पोळी) "मान्तेका" आहे का? भातात "काल्दो दे पोयो" आहे का? पहिली चरबी, दुसरं चिकनचं पाणी. मान्तेकिया म्हणजे मात्र लोणी, ते चालेल. वाढणाऱ्याला इंग्रजी येतंच, पण हे शब्द वापरले की तो आत मुदपाकखान्यात जाऊन खरंच विचारून येतो, हा माझा अनुभव.

मक्याच्या टॉर्टियाबद्दल मात्र निर्धास्त राहा. त्यात मका, पाणी आणि चुना, एवढंच. हो, चुना. वाळलेले दाणे चुन्याच्या पाण्यात शिजवून रात्रभर तसेच ठेवतात, सकाळी सालं चोळून काढतात, धुतात आणि ओलेच दळतात. आपली मक्याची भाकरी दुमडली की तडकते, ही टॉर्टिया घडी घातली तरी तुटत नाही, ती या चुन्यामुळे. शिवाय त्याने मक्यातलं नायसिन हे जीवनसत्त्व अंगी लागतं. युरोपने मका नेला पण चुन्याची रीत नेली नाही, आणि नुसत्या मक्यावर जगणाऱ्या गरिबांना पेलाग्रा, म्हणजे नायसिनच्या कमतरतेचा रोग, झाला.

तेव्हा आत शिरताना बघा, कोणी तव्यावर टॉर्टिया भाजतंय का. आमच्या भागातल्या एका हॉटेलात एक मावशी दाराशीच बसतात. लिंबाएवढा गोळा, लाकडी दाबणीत एक दाब, तव्यावर टाकून दोनदा उलटायची, तिसऱ्यांदा बोटांनी हलकं दाबलं की फुलक्यासारखी टम्म फुगते. ती गरम असताना नुसतं मीठ लावून खा. ती चांगली असेल तर तिथलं पुढचं सगळं बहुधा चांगलं निघतं, आपण भाकरीवरून खानावळ ओळखतो तसंच.

मागवायचं काय? राहास, म्हणजे भाजलेल्या पोब्लानो मिरचीच्या पट्ट्या सायीत. नोपालेस, म्हणजे काटे काढलेला निवडुंग. भेंडीसारखा बुळबुळीत असतो, भेंडी आवडत असेल तर हा आवडेलच. चिले रेयेनो ही आपली भरली मिरचीच, आत चीज आणि बाहेर फेटलेल्या अंड्याचं आवरण. फक्त आत खिमा नाही ना, ते विचारून घ्या. वित्लाकोचे दिसलं तर सोडू नका. कणसावर येणारी काणी, जी आपल्याकडचा शेतकरी उपटून फेकतो, ती तिथे चवीने खातात. दिसायला काळी, चवीला मशरूमच्या जवळची. मोले, म्हणजे मिरच्या-मसाल्यांची दाट ग्रेव्ही, मात्र जपून, त्यात बहुतेकदा चिकनचं पाणी असतं.

तिखटाचा रंगावरून अंदाज बांधू नका. हिरवा साल्सा, म्हणजे चटणी, कधी आंबटगोड, कधी जाळ. नारिंगी दिसला तर त्यात हाबानेरो मिरची असण्याची शक्यता. तिखटपणाच्या स्कोव्हिल मोजणीत हालापेन्यो मिरची फार तर ८ हजार, हाबानेरो १ लाखाच्या वर. आमच्या एका कोल्हापुरी मित्राने "आम्हाला काय सांगता" म्हणत चमचाभर तोंडात टाकला आणि मग अर्धा तास तो ओर्चाता पीत बसला. ओर्चाता म्हणजे तांदूळ-दालचिनीचं गार सरबत. तेही चांगलं, पण मी हामायका मागवते: लाल अंबाडीच्या बोंडांचं, आंबट, कोकमाची आठवण करून देणारं.

टीमशी बोलायला विषय हवा असेल तर वर्ध्याचे पांडुरंग खानखोजे काढा. गदर चळवळीतला हा क्रांतिकारक पुढे मेक्सिकोत चापिंगोच्या शेतकी शाळेत शिकवायला लागला, मक्याच्या वाणांवर काम केलं, आणि मेक्सिकन चित्रकार दिएगो रिवेराने मेक्सिको सिटीत शिक्षण खात्याच्या इमारतीतल्या भित्तिचित्रात त्यांना जेवणाच्या टेबलाशी बसवलं. माझ्या मेक्सिकन मित्रांपैकी कोणालाच हे ठाऊक नव्हतं.

आणि चिप्सची टोपली बहुतेक ठिकाणी फुकट असते, संपली की न मागता पुन्हा भरून येते. एकीवरच थांबा, नाहीतर राहास येईपर्यंत पोट भरलेलं असेल.